नदीकाठचे दगड गोळा करताय? या चुका टाळा

विदर्भात समुद्र नाही. पण दिवाळीनंतर वर्धा, पैनगंगा, वैनगंगेचं पाणी उतरलं की काठावर गोट्यांचा पसारा पडतो आणि लेकरांचे खिसे फाटायला येतात.

ओल्या दगडावर भुलू नका. पाण्यात लालभडक दिसणारा गोटा घरी वाळला की मातकट होतो. मग त्याला तेल, व्हार्निश फासलं जातं आणि खरा रंग-पोत झाकून जातो. काठावरच उन्हात वाळवा. तरीही आवडला तर पिशवीत टाका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जागा न लिहिणं. अकोला-अमरावती-यवतमाळकडचा काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अकीक आणि गारगोटी त्याच्याच पोकळ्यांत तयार होतात. भंडारा-गोंदियाकडचे खडक त्याहून कितीतरी जुने. दोन्हीकडचे गोटे एका डब्यात मिसळले की ते नुसते शोभेचे दगड. दगडावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, त्यावर आकडा टाका आणि वहीत नदी, गाव, तारीख लिहा. पुलाजवळ जरा जपून: धारदार कडांचा दगड बहुधा रस्त्याच्या कामाची गिट्टी असते, नदीची नव्हे.

पांढरा दिसला की गारगोटी, असंही नाही. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइट या मऊ, पांढऱ्या खनिजाने उठत नाही, उलट लोखंडी खिळ्याने तोच खरवडला जातो आणि लिंबाच्या रसाने त्यावर बुडबुडे येतात. बुडबुडे दिसले नाहीत तर आधी खिळ्याने थोडी भुकटी काढा, रस तिच्यावर टाका. संडास धुण्याचं ॲसिड मात्र अजिबात नको.

चुंबक ओढला की घरात ‘उल्का सापडली’चा गलका होतो, लोणार जवळ असेल तर जास्तच. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, म्हणून चुंबक थोडा ओढतोच. आणि लोणारच्या विवरातून दगड उचलायचाच नाही, ते अभयारण्य आहे. सिरोंच्याकडच्या जीवाश्मांनाही हात लावू नका, फोटो काढा.

दगड काडीने उलटवा, खाली विंचू असतो. फोडायचाच असेल तर मोठ्यांनी, चष्मा लावून. बेसाल्टची कपची डोळ्यात जाते. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते गावात विचारूनच उतरा. पाणी अचानक गढूळ झालं, तर पिशवी तिथेच टाकून लेकरांना वर काढा.