ट्रिप ऑपेरॉन अभ्यासताना या चुका टाळा

ट्रिप ऑपेरॉनवर (ऑपेरॉन म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा गट) प्रश्न आला की बरेच विद्यार्थी लॅक ऑपेरॉनची आकृती काढतात आणि नुसती नावं बदलतात. तिथेच गाडी चुकते. लॅक रिप्रेसर (जनुकं बंद ठेवणारं प्रथिन) आधीपासून डीएनएला धरून असतो आणि अ‍ॅलोलॅक्टोज (लॅक्टोजपासून बनणारी साखर) आलं की सोडतो. ई. कोलाय या जिवाणूच्या ट्रिप रिप्रेसरचं बरोबर उलट आहे: ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाशिवाय त्याला ऑपरेटरवर (रिप्रेसर बसतो त्या डीएनएच्या तुकड्यावर) नीट पकडच बसत नाही. लॅकची जनुकं साखर फोडण्यासाठी आहेत, ट्रिपची पाच जनुकं ट्रिप्टोफॅन बनवण्यासाठी. पेशीत ते मुबलक असेल, तर आणखी बनवण्यात ऊर्जा वाया जाते.

दुसरी चूक आकृतीत हमखास दिसते: ट्रिप्टोफॅनचा ठिपका थेट डीएनएवर काढलेला. प्रत्यक्षात ते रिप्रेसरच्या आत बसतं. हा रिप्रेसर दोन सारख्या साखळ्यांचा जोड आहे आणि प्रत्येक साखळीबरोबर एक, असे ट्रिप्टोफॅनचे दोन रेणू त्यात सामावतात. डीएनए वाचणारे भाग दोन, दोन्ही हेलिक्स-टर्न-हेलिक्स (दोन सर्पिल, मध्ये वळण) घडणीचे. ट्रिप्टोफॅन नसताना ते सैल असतात आणि आत झुकतात. ट्रिप्टोफॅन बसलं की दोन्ही भाग बाहेर सरकून नेमक्या अंतरावर येतात आणि डीएनएच्या लागोपाठच्या दोन रुंद खाचांत शिरतात. ऑपरेटर प्रमोटरवरच (जनुक वाचणं जिथून सुरू होतं त्या डीएनएवर) पसरलेला असल्यामुळे आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेझला जागा उरत नाही. इंडोल-प्रोपिओनिक आम्ल त्याच पोकळीत बसतं, पण त्यात अमिनो गट नाही, म्हणून रिप्रेसर सक्रिय होत नाही. एका गटाने एवढा फरक पडतो, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

‘रिप्रेसर बसला म्हणजे ट्रिप्टोफॅन बनणं थांबलं’ असं लिहू नका. आधी तयार झालेली एन्झाइम्स पेशीत असतातच. त्यांच्या साखळीतल्या पहिल्या एन्झाइमला, अँथ्रॅनिलेट सिंथेजला, ट्रिप्टोफॅन थेट रोखतं. ती फीडबॅक इन्हिबिशन. तिचा डीएनएशी संबंध नाही आणि ती लगेच लागू होते. रिप्रेशनचा परिणाम सावकाश दिसतो. शिवाय अ‍ॅटेन्युएशन आहेच, म्हणजे ट्रिप्टोफॅन पुरेसं असलं की सुरू झालेलं आरएनए बनणं मध्येच थांबणं. रिप्रेसरचं जनुक बिघडलेल्या म्युटंटमध्येही ट्रिप्टोफॅनची टंचाई झाली की ऑपेरॉनचं काम आणखी वाढतं. हे पाहून प्रयोग फसला असं समजू नका, अ‍ॅटेन्युएशन शाबूत असल्याची ती खूण आहे.

एक रिप्रेसर कळला म्हणजे सगळे कळले, असंही नाही. मेथिओनिनच्या जनुकांवरचा मेट-जे रिप्रेसर डीएनए वाचतो तो बीटा पट्ट्यांनी, आणि त्याचा कोरिप्रेसर (रिप्रेसरला सक्रिय करणारा लहान रेणू) मेथिओनिन नसून त्यापासून बनणारं एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिन आहे. आर्जिनिनचा रिप्रेसर सहा साखळ्यांचा. बॅसिलस सबटिलिसमधलं ट्रॅप प्रथिन तर डीएनएऐवजी आरएनएला चिकटतं, म्हणून त्याला ऑपरेटर दाखवू नये.

आता प्रयोगशाळेकडे. जेल शिफ्टमध्ये (प्रथिन चिकटलेलं डीएनए जेलमध्ये मागे राहतं, म्हणून त्याचा बँड सरकलेला दिसतो) प्रथिन शुद्ध, डीएनए बरोबर, तरी बँड सरकत नाही, ही तक्रार नेहमीची. आधी बफर तपासा. मिश्रणात ट्रिप्टोफॅन घातलं, पण जेलमध्ये आणि रनिंग बफरमध्ये नाही, तर जेल चालताना ते रिप्रेसरमधून निघून जातं आणि जोड सुटतो. तिन्हीकडे एल-ट्रिप्टोफॅन ठेवा. मिठाचं प्रमाण जास्त असलं तरी पकड ढिली होते. याउलट प्रत्येक लेनमध्ये बँड सरकत असेल, तर खूश होऊ नका: जास्त प्रथिन कुठल्याही डीएनएला चिकटतं. स्पर्धक म्हणून असंबंधित डीएनए घाला, एक लेन ट्रिप्टोफॅनशिवाय चालवा (त्या लेनचं जेलही वेगळं, ट्रिप्टोफॅन नसलेलं) आणि एक बदललेल्या ऑपरेटरची. या दोन्हींत बँड जागचा हलला नाही, तरच मूळ लेनमधल्या सरकलेल्या बँडवर विश्वास ठेवा.