अनुदान अर्जातला संशोधक-परिचय : या चुका टाळा

अनुदानाच्या अर्जाला जोडायचा परिचय म्हणजे सीव्ही नव्हे. तरीही नोकरीसाठी केलेली लांबलचक सीव्हीच छाटून, अक्षरं बारीक करून ठरलेल्या पानांत कोंबली जाते. समीक्षकाला बघायचं असतं ते एवढंच : प्रस्तावात मांडलेलं काम या माणसाच्या हातून होईल का? याचं उत्तर न देणारी ओळ, कितीही मानाची असली, तरी काढलेली बरी.

‘नामांकित नियतकालिकांत ४० शोधनिबंध प्रसिद्ध’ या वाक्यातून समीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘भूजलातलं आर्सेनिक मोजणारी कागदी पट्टी आमच्या गटाने तयार केली. पट्टीची रचना आणि चाचण्या मी केल्या, विश्लेषण सहलेखकांनी केलं. प्रस्तावातलं दुसरं उद्दिष्ट याच पट्टीवर आधारलेलं आहे.’ काम काय, त्यातला आपला वाटा किती आणि प्रस्तावाशी त्याचा संबंध काय, हे तिन्ही त्यात आलं. सहलेखकांचं श्रेय मोकळेपणाने दिल्याने आपलं वजन घटत नाही, उलट विश्वास वाढतो.

इम्पॅक्ट फॅक्टरचे आकडे लिहायची सवय सोडायला हवी. नियतकालिकातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, हे तो सांगतो. म्हणजे तो नियतकालिकाचा आकडा आहे, तुमच्या निबंधाचा नव्हे. संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं याबद्दल २०१२ मध्ये आकाराला आलेल्या डोरा जाहीरनाम्याचा मुख्य आग्रह हाच आहे, आणि युरोपियन रिसर्च कौन्सिल ही अनुदान देणारी संस्था तर अर्जात हा आकडा देऊच नका असं सांगते.

स्वीकारला गेलेला निबंध आणि नुसता पाठवलेला निबंध एका यादीत मिसळू नका. आजारपण, बाळंतपण यांमुळे कामात खंड पडला असेल, तर तो एका ओळीत सांगून टाका. कारण न दिलेल्या रिकाम्या वर्षांवरून वाचणारा स्वतःच अंदाज बांधतो, आणि तो तुमच्या बाजूचा असेलच असं नाही.

नाव कधी आद्याक्षरांनी, कधी पूर्ण, लग्नानंतर वेगळं, असं छापलं गेलं की कामं विखुरतात. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा सोळा अंकी कायमचा ओळख क्रमांक, त्यासाठीच आहे. पण नुसती नोंदणी करून भागत नाही, जुनी कामं त्याला जोडावी लागतात.

सहकाऱ्याचा मागच्या वर्षीचा नमुना उचलून त्यातच माहिती भरणं हा हमखास फसणारा मार्ग, कारण नियम बदलत राहतात. संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचंच बघा. तिथे ऑक्टोबर २०२३ पासून परिचय सायएनसीव्ही या ऑनलाइन साधनातूनच तयार करावा लागतो आणि २०२४ मध्ये तीन पानांची मर्यादाही गेली. प्रस्तावाशी थेट संबंधित पाच आणि इतर महत्त्वाची पाच कामं, ही मर्यादा मात्र आहे.

सायएनसीव्हीची पीडीएफ अपलोड होत नसेल, तर आधी ती कुणी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा प्रिंट करून सेव्ह केली आहे का ते विचारा. तसं झालं असेल तर त्या फाइलवर वेळ घालवू नका. दुरुस्ती मूळ सायएनसीव्हीत करा, प्रमाणित करून (म्हणजे माहिती खरी असल्याचं जाहीर करून) नवी प्रत उतरवा आणि ती जशीच्या तशी जोडा. प्रमाणपत्र संशोधकाने स्वतः द्यायचं असतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी सहसंशोधक प्रवासात नाही ना, याची खात्री आधीच करून घ्या.