पौलाच्या प्रवासांचा कालपट कसा मांडावा

ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल याचा कालपट मांडताना सुरुवात दिमिष्कच्या (दमास्कसच्या) वाटेवरून, म्हणजे तो ख्रिस्ताकडे वळला त्या घटनेपासून करू नका, ग्रीसमधल्या करिंथ शहरापासून करा. पौलाच्या आयुष्यातला सर्वांत भक्कम आधार तिथेच आहे. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखात सम्राट क्लौद्य गल्लियोचा उल्लेख करतो. त्यावरून गल्लियो अखया प्रांताचा राज्यपाल असल्याचा काळ साधारण इ. स. 51-52 ठरतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' (पुढे नुसते 'कृत्ये') या पुस्तकात 18:12 मध्ये पौलाला याच गल्लियोपुढे उभे केले आहे. कागदाच्या मध्यावर हे साल लिहा.

आता मागे सरका. 18:11 प्रमाणे पौल करिंथात दीड वर्ष राहिला, म्हणजे तो तिथे पोहोचला साधारण 50 च्या सुमारास. त्याआधी यरुशलेमची सभा, म्हणजे तिथे झालेली प्रेषितांची बैठक येते, साधारण 48-49.

खरी अडचण पौलाने लिहिलेल्या 'गलतीकरांस' या पत्रात आहे. 1:18 मध्ये दिमिष्कच्या घटनेनंतर यरुशलेमला जाईपर्यंत 3 वर्षे, 2:1 मध्ये पुन्हा यरुशलेमला जाईपर्यंत 14 वर्षे. ही 14 वर्षे त्या 3 नंतरची की पहिल्यापासूनच मोजलेली? शिवाय त्या काळी अपुरे वर्षही पूर्ण धरत. म्हणून इथे एकच साल ठोकून बसवू नका. दिमिष्कच्या घटनेसाठी 31 ते 36 असा पट्टा पेन्सिलीने आखा. पत्र आणि कृत्ये जुळत नसतील तिथे पत्राला झुकते माप द्या, ते स्वतः पौलाचे आहे.

नकाशावर अंत्युखिया दोन आहेत: पौलाला प्रवासाला पाठवणारी मंडळी सूरियातली, आणि कृत्ये 13:14 मधले सभास्थान (यहूदी प्रार्थनास्थळ) पिसिदियातले. दोन्ही वेगळ्या रंगांत दाखवा, नाहीतर पहिल्या प्रवासाची रेघच चुकते.