माणसं उडतात तेव्हा पाय बघा: चिनी मार्शल आर्ट सिनेमे बघायची एक पद्धत

क्राउचिंग टायगर हिडन ड्रॅगन लावला की पहिल्याच मारामारीत कोणीतरी म्हणतंच, अरे हे काय, माणसं उडतायत काय, काहीपण दाखवतात. आणि तोच माणूस पुढच्या रविवारी इप मॅन बघून म्हणतो, हां, ही खरी फाईट. मला हे दोन्ही सिनेमे प्रचंड आवडतात त्यामुळे राहवत नाही, म्हणून मी ते कसे बघतो ते नीट लिहितोय.

सगळ्यात आधी सिनेमा कुठल्या घराण्यातला आहे ते बघा. वूशिया म्हणजे जुन्या काळातल्या तलवारबाजांच्या गोष्टी (क्राउचिंग टायगर यातलाच), आणि त्यात अंग हलकं करायची एक विद्या असते, छिंगकुंग, ती वर्षानुवर्षं साधना करून मिळते असं त्या गोष्टींमध्ये धरलेलंच असतं. म्हणजे छपरावरून धावणं ही तिथे थाप नाही, तयारी आहे. कुंग फू सिनेमात (इप मॅन यातला) मात्र हात, पाय, गुरू आणि तालीम. इथे हवेत तरंगणारा माणूस दिसला तर तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता मेन गोष्ट. आवाज बंद करा आणि फक्त पाय बघा, हात नाही, चेहरे नाही, पाय. वजन कुठल्या पायावर आहे, उडी मारायच्या आधी गुडघा वाकतो का, खाली उतरल्यावर तोल सावरायला वेळ लागतो का. ब्रूस लीचा १९७२ चा वे ऑफ द ड्रॅगन घ्या, रोमच्या कलोझियममध्ये चक नॉरिसबरोबरची फाईट. सुरुवातीला ब्रूस ली मार खातो, मग मध्येच त्याची पावलं बदलतात, तो हलका हलका नाचायला लागतो, अंतर ठेवतो, आणि तिथून सगळी फाईट फिरते. डायलॉग नाही काही नाही, पायांनी सांगितलेली गोष्ट आहे ती.

मग १९७८ चा थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन बघा. दिग्दर्शक लाउ कार-लिआंग, यांच्या वडिलांचे गुरू लाम साय-विंग आणि त्यांचे गुरू वाँग फेइ-हुंग, चीनमधले नावाजलेले कुंग फू गुरू, म्हणजे विद्या थेट परंपरेतून आलेली. सिनेमाचा मोठा भाग नुसती तालीम आहे आणि सुरुवातीलाच काय, तर जेवायला जायचं असेल तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून उडी मारत पलीकडे जायचं. नवा पोरगा पडतो, भिजतो, परत पडतो. ठोसा फार नंतर, आधी तोल. मला वाटतं खरेपणा म्हणतात तो इथे आहे, रक्त आणि हाडं मोडल्याच्या आवाजात नाही.

कारण खरी वाटणारी फाईटसुद्धा बसवलेलीच असते हो! इप मॅनमध्ये (२००८) डॉनी येन एकटा दहा कराटेवाल्यांना लोळवतो, ती फाईट सामो हंगनी बसवलीय, आणि सामो हंग लहानपणापासून पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती असलेल्या पारंपरिक चिनी नाटकाच्या, शाळेत घडलेले. म्हणजे ज्याला आपण रिअल म्हणतो त्याच्या मुळाशीही रंगमंचच आहे. म्हणून 'हे खरं आहे का' हा प्रश्न मी सोडून दिला. मी विचारतो, या माणसाला वजन आहे का?

आणि आता परत क्राउचिंग टायगरवर या (२०००, दिग्दर्शक आंग ली, फाईट युएन वू-पिंगच्या). रात्रीचा पाठलाग पुन्हा लावा. झांग झीयी उडून पळायला बघतेय आणि मिशेल यो काय करते, तर तिच्या पायावर पाय देते, तिला खाली खेचते, जमिनीवर ठेवते. एक बाई वर जायला बघतेय, दुसरी तिला खाली धरतेय, वास्तव आणि सौंदर्याचा सगळा वाद त्या एका मारामारीत खेळला जातोय आणि आपण मात्र 'वायर दिसते का' (नटांना हवेत उचलणारी तार) बघत बसतो. बांबूच्या बनात पण तेच, माणूस शेंड्यावर उभा राहिला की बांबू वाकतो, झुलतो, परत उसळतो. उडणाऱ्या माणसालाही वजन दिलंय, म्हणून ते सुंदर दिसतं.

उलट उदाहरण पण सांगतो. हिरो (२००२) मध्ये पिवळ्या पानांतली मॅगी चांग आणि झांग झीयीची लढाई बघताना मला पाय सापडतच नाहीत, तिथे पानं, कापड आणि रंग लढतात. डोळे दिपतात पण जीव खालीवर होत नाही. त्याच सिनेमात जेट ली आणि डॉनी येनची पावसातली लढाई बघा, दोघंही लहानपणापासून वूशू, म्हणजे चिनी मार्शल आर्ट, शिकलेले, तिथे तारा असूनसुद्धा प्रत्येक पाऊल दगडी फरशीवर पडलेलं जाणवतं.

एक शेवटचं, आणि हे नक्की करा. क्राउचिंग टायगरमधली तालीमखान्यातली लढाई काढा. मिशेल यो एकामागून एक हत्यारं बदलते, आणि मध्येच एक अवजड हत्यार उचलायला जाते, ते तिला झेपत नाही आणि ती त्याच्यासकट खाली येते. छपरावरून धावणारी बाई एका लोखंडाच्या वजनानं पडते. तिथे पॉज करा आणि जो 'काहीपण दाखवतात' म्हणाला होता त्याला दाखवा.