कस्टम गाडीत मीटर बसवताय? आधी या चुका टाळा

कस्टम गाडी बनवायला घेतली की इंजिनाच्या आधी डॅशबोर्डचीच स्वप्नं पडायला लागतात, आणि मग बारा गोल मीटर लावून विमानाचं कॉकपिट करून ठेवतात लोक. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण चालवताना नजर रस्त्यावर असते, डॅशबोर्डच्या वाट्याला जेमतेम एखादा सेकंद येतो, तेवढ्यात बारा काटे वाचणार कोण? माझा हिशोब साधा आहे. काटा हलला तर मी नेमकं काय करणार याचं उत्तर असेल तरच त्या मीटरसाठी भोक पाडायचं.

या हिशोबाने स्पीड, पेट्रोल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) टेंपरेचर, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट एवढे पाच लागतातच. मॅन्युअल गिअर असेल तर आरपीएम घ्या, टर्बो असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब. व्हॅक्यूम मीटर ट्यूनिंगपुरता जोडा आणि काढून ठेवा.

व्होल्टऐवजी जुन्या स्टाइलचा अँपिअर मीटर लावायचा मोह टाळाच, कारण त्यात चार्जिंगचा सगळा करंट जाड वायरने डॅशपर्यंत फिरवून आणावा लागतो आणि तिथलं एक कनेक्शन ढिलं झालं की वायर तापून जळायची भीती. व्होल्टमीटर तेच काम निमूटपणे करतो. बंद गाडीत 12.6 च्या आसपास, चालू गाडीत 13.8 ते 14.4, आणि चालू असूनही 12.5 च्या खाली घसरला तर बेल्ट नाहीतर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघायचा.

आता टेंपरेचर, इथे मी स्वतः फसलोय. होज क्लॅम्प ढिला होता, कूलंट हळूहळू गळत होतं, आणि काटा 90 वरून 70 वर आला तर मी खूश, म्हटलं वा, काय थंड चाललीय गाडी! आत गोडसर वास यायला लागला तेव्हा कुठे ट्यूब पेटली. सेंडर, म्हणजे मीटरला माप पाठवणारा सेन्सर, कूलंटमध्ये बुडलेला नसेल तर तो हवेचं टेंपरेचर सांगतो, इंजिनाचं नाही. त्यामुळे काटा विनाकारण खाली आला तरी गाडी थांबवा, आणि कूलंट लेव्हलचा एक लाल दिवा लावाच. गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

ऑइल प्रेशरचंही तसंच. इंजिन तापलं की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) काटा खाली येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय हा जुना ठोकताळा धरून चाला. पण प्रेशर अचानक गेलं तर काट्याकडे तुमचं लक्ष असेलच असं नाही, दिवा मात्र डोळ्यात खुपतो, म्हणून मीटर आणि दिवा दोन्ही. मेकॅनिकल मीटर घेतला तर गरम ऑइलची नळी थेट केबिनमध्ये येते, ती फुटली की पायावर ऑइल. मी इलेक्ट्रिकच घेतो.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक म्हणजे एका कंपनीचा मीटर आणि दुसऱ्याचा सेंडर. पेट्रोलचा एक सेंडर रिकाम्या टाकीत 240 ओहम रेझिस्टन्स आणि भरलेल्यात 33 देतो, दुसरा रिकाम्यात 10 आणि भरलेल्यात 180, म्हणजे जोडी चुकली की काटा उलटा पळतो, टाकी फुल्ल आणि मीटर म्हणतो संपलं! टाकी बसवायच्या आधी वायर जोडून सेंडरचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) हाताने वरखाली करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

हेडलाइट लावल्यावर सगळे काटे एकदम नाचले तर मीटर बदलू नका, अर्थिंग तपासा. टेंपरेचरचा एकटाच काटा मेलेला असेल आणि सेंडर सिंगल वायरचा असेल तर त्याच्या थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळलाय का बघा, अर्थ त्या थ्रेडमधूनच मिळतो. तरी जमलं नाही तर सेंडरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवा, बहुतेक मीटरमध्ये काटा लगेच गरमकडे धावतो, आणि धावला म्हणजे मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरचा.

आणि पत्रा कापायच्या आधी पुठ्ठ्यात भोकं पाडून डॅशला चिकटवा, सीटवर बसा, स्टीअरिंग धरा. माझ्या पहिल्या गाडीत ऑइल प्रेशरचा मीटर स्टीअरिंगच्या रिंगमागे बरोब्बर लपला होता, वाकून बघावं लागायचं.