मनसब म्हणजे जहागीर नव्हे: साम्राज्ये, राजे आणि धर्मबदलाच्या संज्ञा पक्क्या कशा कराव्यात

सोळाव्या-सतराव्या शतकाचा अभ्यास करताना घात करतात ते ओळखीचे शब्द. ‘देवशिर्मे’ दिसला की वाचणारा थांबून अर्थ शोधतो. ‘जहागीर’ किंवा ‘धर्मसुधारणा’ दिसला की अर्थ ठाऊकच आहे असे धरून पुढे जातो, आणि उत्तर तिथेच चुकते.

आधी पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डे घ्या. एका कार्डावर एकच संज्ञा आणि चार ओळी: मूळ अर्थ; राज्य आणि साल; कोणाला काय मिळाले व कोणाचे काय गेले; कोणत्या शब्दाशी गल्लत होते. दिवसाला पाचच कार्डे करा. जास्त केली की चौथी ओळ कोरी राहते, आणि सगळा उपयोग तर त्याच ओळीचा.

मनसबीचे कार्ड असे भरा. मनसब म्हणजे दर्जा. अकबराच्या व्यवस्थेत ‘जात’ (इथे अर्थ ‘व्यक्ती’) या आकड्यावरून माणसाचे स्थान आणि वैयक्तिक वेतन ठरे; ‘सवार’ या आकड्यावरून त्याने किती घोडेस्वार बाळगायचे ते ठरे. वेतन रोख मिळे, नाहीतर एखाद्या मुलखाच्या महसुलातून. हा महसूल नेमून दिलेला मुलूख म्हणजे जहागीर. तिची बदली होई आणि ती सहसा बापाकडून मुलाकडे जात नसे. मराठीत आपण ‘बापाची जहागीर’ म्हणतो, त्यामुळे ती वंशपरंपरेची मालमत्ता असेच मनात बसलेले असते. चौथ्या ओळीत हेच लिहा. शेजारी १६६५ चा पुरंदरचा तह नोंदवा: संभाजीराजांना पाच हजारांची मनसब ठरली. तो आकडा दर्जाचा आहे, फौजेची मोजदाद नाही.

‘धर्मसुधारणा’ या शब्दाची दोन कार्डे करा. एक १८६७ च्या प्रार्थना समाजाच्या काळाचे, दुसरे १५१७ नंतरच्या युरोपाचे. दुसऱ्यात ‘क्षमापत्र’ नीट समजून घ्या. चर्चच्या शिकवणीप्रमाणे पापाची कबुली दिल्यावर दोष माफ होई, तरी भोगायची शिक्षा उरे. क्षमापत्राने त्या शिक्षेत सूट मिळे. ‘पाप माफ करण्याचा परवाना’ एवढेच लिहिले तर ही चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूचा आक्षेप निसटतो. पत्र विकत घेतले की पश्चात्तापाची गरज उरली नाही असे लोकांना वाटू लागेल, हे त्याला खुपत होते. इंग्लंडचे कार्ड वेगळे ठेवा. १५३४ च्या कायद्याने आठवा हेन्री तिथल्या चर्चचा प्रमुख झाला, आणि पुढच्या काही वर्षांत मठांच्या जमिनी राजाकडे गेल्या. तिसरी ओळ इथे आपोआप भरते.

१५५५ च्या ऑग्सबर्ग तहासाठी ‘यथा राजा तथा प्रजा’ लिहायचा मोह होतो. आपली म्हण आचरणाबद्दल बोलते. तहाने जर्मन राजांना आपल्या प्रदेशाचा पंथ ठरवण्याचा हक्क दिला. ज्याला तो पंथ नको, त्याला मालमत्ता विकून निघून जाण्याची मुभा होती. पंथही दोनच, पोपला मानणारा कॅथलिक आणि ल्यूथरच्या अनुयायांचा ल्यूथरन. कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाच्या अनुयायांना, म्हणजे कॅल्व्हिनपंथीयांना, अशी मान्यता मिळायला १६४८ उजाडले.

वीसेक कार्डे झाली की ती जमिनीवर सालाप्रमाणे मांडा. १५०१ मध्ये इराणमधल्या तबरीझला शाह इस्माईलने शिया पंथ राजधर्म केला. पुढच्या काही वर्षांत विजापूरच्या यूसुफ आदिलशहानेही तोच पंथ स्वीकारला. १५४० मध्ये पोपने जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला मान्यता दिली, १५४२ मध्ये त्या संघाचा धर्मप्रसारक फ्रान्सिस झेव्हियर गोव्यात उतरला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले आणि १५६४ मध्ये अकबराने बिगर-मुसलमानांवरचा जिझिया कर उठवला. १६७९ मध्ये औरंगजेबाने जिझिया पुन्हा लादला, १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारा १५९८ चा नान्तचा हुकूम रद्द केला. ही मांडणी फार बोलकी आहे. मात्र शेजारी आले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे लिहू नका. विजापूर आणि इराणचा संबंध जसा दाखवता येतो, तसा लुई आणि औरंगजेबाचा येत नाही.

शेवटी परीक्षा. संज्ञा झाकून फक्त तिसरी ओळ वाचा आणि नाव सांगा. दोन नावे बसली, तर ओळ सैल आहे. उदाहरणार्थ, ‘उस्मानी (ऑटोमन तुर्कांच्या) राज्यात ख्रिस्ती मुले नेऊन, मुसलमान करून, सैनिक बनवली’ यावर कोणी ‘देवशिर्मे’ म्हणेल, कोणी ‘यनिसरी’. देवशिर्मे ही मुले गोळा करण्याची पद्धत, यनिसरी हे पायदळ. त्यांतली काही मुले राजवाड्यात शिकून वजीरपदापर्यंत पोचली; १५६५ ते १५७९ पर्यंत प्रधान वजीर असलेला सोकोल्लू मेहमेद पाशा त्यांतलाच. तेव्हा ‘सैनिक बनवली’ खोडा आणि ‘सुलतानाच्या सेवेत घेतली’ लिहा.