वेब सर्व्हर पॅच करताना या चुका टाळा

बडोद्यात गेली पंधरा वर्षं मी लोकांचे सर्व्हर सांभाळतेय आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी फोन करून तेच विचारतं, "ताई, पॅच तर मारला होता, मग बाहेरच्याला फाइल दिसली कशी?" (पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती.) ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे परवानगी नसलेल्यालाही आत जाता येणं, २०१७ मध्ये पाचव्या नंबरवर होतं, २०२१ मध्ये ते थेट पहिल्यावर आलं, आणि मला त्याचं काहीच नवल वाटलं नाही, कारण घिसाडघाई मी रोज बघते.

पहिली चूक, आणि हिच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे: पॅच आणला म्हणजे तो लागला असं धरून चालणं.

२०२१ च्या ऑक्टोबरची गोष्ट. अपाचे या वेब सर्व्हरच्या २.४.४९ व्हर्जनमध्ये पाथ ट्रॅव्हर्सल निघालं होतं, म्हणजे यूआरएलमध्ये टिंबाच्या जागी त्याचा एन्कोड केलेला अवतार टाकला की सर्व्हर ठरलेल्या फोल्डरच्या बाहेर जायचा. ४ तारखेला २.४.५० आलं. मकरपुऱ्याच्या एका कारखान्याचं डीलर पोर्टल आमच्याकडे होतं, अपाचे डॉकरमध्ये (म्हणजे तयार इमेजवरून बनवलेल्या कंटेनर नावाच्या डब्यात), टॅग म्हणजे इमेजचं व्हर्जन २.४.४९ वर बांधलेलं. आमच्यातल्या एका नवीन मुलाने ५ तारखेला कंपोज फाइलमध्ये (कुठली इमेज चालवायची ते लिहिलेली फाइल) टॅग बदलला, इमेज ओढली, कंपोज रीस्टार्ट मारलं आणि ग्रुपवर "डन" लिहून मोकळा झाला. मीही त्या "डन"वर विश्वास ठेवला.

७ तारखेला घटस्थापना. दांडिया बाजारच्या घरी मी परडीत माती पसरून धान्य पेरत होते, हात मातीचे, आणि फोनवर बातमी की २.४.५० चा फिक्स अर्धवट होता, डबल एन्कोडिंग केलं तर भोक तसंच आहे, आता २.४.५१ घ्या. हात धुतले, लॅपटॉप उघडला, आधी आत्ता काय चालू आहे ते बघावं म्हणून कर्ल या कमांडने नुसते हेडर (उत्तरासोबत येणारी माहिती) मागवले तर सर्व्हर सांगतोय २.४.४९! म्हणजे दोन दिवस आपण पन्नासवर आहोत या समजुतीत होतो आणि प्रत्यक्षात जुनाच कंटेनर चालू होता, कारण कंपोज रीस्टार्ट तोच कंटेनर बंद करून परत चालू करतं, नवीन टॅग घेऊन कंटेनर नव्याने बनवायचा तर कंपोज अप द्यावं लागतं. बाहेर शेरी गरब्याची आरती सुरू झाली होती (त्या वर्षी मोठ्या गरब्यांना परवानगी नव्हतीच) आणि मी ॲक्सेस लॉग वाचत बसले होते. टक्का-दोन-ई (टिंबाचा तोच एन्कोड केलेला अवतार) वाल्या ओळी ढिगाने, आणि त्यातल्या काहींसमोर ४०३ (परवानगी नाही) नाही, चक्क २०० (घ्या, दिली).

आता २०० का आले? कारण रूट डिरेक्टरीवरचं 'रिक्वायर ऑल डिनाइड' (कुणालाच परवानगी नाही) कुणीतरी काही महिन्यांपूर्वी कॉमेंट करून, म्हणजे बंद करून ठेवलं होतं, एक इमेज ४०३ देत होती म्हणून. ती ओळ जागेवर असती तर हा हल्ला बाहेरच्या फाइलवर ४०३ खाऊन परत गेला असता. सीजीआय (सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायची सोय) बंद होतं म्हणून फक्त फाइली वाचल्या गेल्या, ते चालू असतं तर कमांड चालवता आल्या असत्या. डेटाबेसचे सगळे पासवर्ड त्याच रात्री बदलले.

तेव्हापासून माझी सवय अशी: पॅचच्या आधी आणि नंतर मोबाईलच्या नेटवरून, ऑफिसच्या नाही, तीच रिक्वेस्ट मारायची आणि दोन्ही उत्तरं वहीत लिहायची. वही म्हणजे खरीच कागदाची. आणि जो ४०३ दिसला की रूटवर 'ऑल ग्रँटेड' टाकतो त्याला मी प्रॉडक्शनचा पासवर्ड देत नाही, मग तो कितीही हुशार असो. ज्या फोल्डरला हवं त्याच फोल्डरला परवानगी द्या, त्याला पाच मिनिटं जास्त लागतात.

डॉकर नसेल तरी हेच. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरचं पॅकेज अपग्रेड करून नुसतं रीलोड दिलं तर मास्टर प्रोसेस जुन्याच बायनरीवर राहते. रीस्टार्ट करा.

दुसरी माझी नावडती चूक एनजिनएक्समधली. लोक ॲडमिन फोल्डरसाठी लोकेशन (त्या पत्त्यापुरते नियम) लिहितात, त्यात ऑफिसचा आयपी अलाउ, बाकी डिनाय ऑल. बाहेरून स्लॅश ॲडमिन स्लॅश उघडून बघतात, ४०३ येतो, खूश. पण त्याच फोल्डरमधली इंडेक्स डॉट पीएचपी पूर्ण नावाने मागा, लॉगिन पान समोर हजर! कारण एनजिनएक्स साध्या प्रीफिक्समधला (पत्त्याच्या सुरुवातीशी जुळवलेल्या लोकेशनमधला) सगळ्यात लांब जुळणारा लक्षात ठेवतं, मग रेजेक्स (नमुन्याने जुळवलेली लोकेशनं) वरून खाली तपासतं, आणि खाली जो पीएचपीचा रेजेक्स असतो तो जुळला की प्रीफिक्स सोडून देतं, त्यातल्या डिनायसकट. उपाय म्हणजे त्या लोकेशनला कॅरेट-टिल्ड (^~) लावायचा आणि पीएचपीचा ब्लॉक त्याच्या आतसुद्धा लिहायचा. आतला विसरलात तर ऑफिसातल्या माणसाला पान दिसण्याऐवजी पीएचपीचा सोर्स डाउनलोड होईल. मी हे किमान सहा ठिकाणी दुरुस्त केलंय, दर वेळी कॉन्फिग कुठून तरी जशीच्या तशी चिकटवलेली.

आता बाकीच्या पटापट.

एनजिनएक्स एचटीॲक्सेस फाइल (अपाचेमध्ये फोल्डरपुरते नियम लिहायची) वाचतच नाही. अपाचेवरून साइट हलवली की त्यातले सगळे डिनाय गेले समजा.

अपाचे २.४ मध्ये परवानगीचं जुनं ऑर्डर-अलाउ-डिनाय आणि नवीन रिक्वायर एकत्र लिहू नका, एकच ठेवा, नवीनच ठेवा.

अपाचेच्या लिमिटमध्ये गेट आणि पोस्ट लिहून बंदी घातली तर बाकीच्या मेथड (रिक्वेस्टचे प्रकार) मोकळ्याच राहतात. लिमिट काढूनच टाका.

एनजिनएक्सच्या एलियसमध्ये (पत्ता दुसऱ्या फोल्डरला जोडणारी ओळ) लोकेशनच्या शेवटी स्लॅश नाही आणि पाथच्या शेवटी आहे, तर दोन टिंबं लावून एक पायरी वर जाता येतं.

एक्स-फॉरवर्डेड-फॉर (मागणाऱ्याचा मूळ आयपी सांगणारा हेडर) कुणीही हाताने लिहून पाठवू शकतं. स्वतःच्या प्रॉक्सीचा आयपी सोडून कुणाचाही हेडर मानू नका.

टॉमकॅट (जावाचा सर्व्हर) असेल तर ८००९ पोर्ट बघा. २०२० च्या घोस्टकॅट या त्याच पोर्टवरच्या भोकानंतरही मला तो बाहेर उघडा सापडलाय. एजेपी (त्या पोर्टवरचा प्रोटोकॉल) लागत नसेल तर कनेक्टरच काढा.

व्हर्जन नंबर लपवणं म्हणजे पॅच नाही. उलट उबंटू-डेबियनवर नंबर जुना दिसतो म्हणून घाबरूनही जाऊ नका, ते फिक्स जुन्या व्हर्जनमध्येच आणून बसवतात, पॅकेजचा चेंजलॉग उघडून सीव्हीई नंबर (त्या भोकाचा नोंदणी क्रमांक) शोधा.

आणि कॉन्फिग बदलण्याआधी कॉपी काढता ना, ती वेबरूटमध्ये (साइट जिथून दिसते त्या फोल्डरमध्ये) ठेवू नका. कॉन्फिग डॉट पीएचपी डॉट बॅक सर्व्हरला पीएचपी वाटतच नाही, तो ती साध्या मजकुरासारखी, पासवर्डसकट, मागेल त्याला देतो. माझ्या कॉप्या होम डिरेक्टरीत असतात, नावात तारीख घालून.